साखर वाढली

“आजी, हात दे,” हेमंत म्हणाला.

आत्याबाईंनी डावा हात पुढे केला. डोळे गेले होते, तरी आवाजाच्या रोखाने हात बरोबर न्यायची त्यांना सवय झाली होती. हेमंतने त्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं जेल लावलं, त्यावर रुपयाच्या नाण्याएवढी काच टेकवली आणि वरून पट्टा आवळला. पट्ट्यातल्या वायरी एका पत्र्याच्या पेटीत गेल्या होत्या. पेटी आमच्या चपात्यांच्या डब्याएवढी. तिला मी जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं होतं, कारण उघडी दिसली की शेजारच्या बायका विचारायच्या, “पोरगं रेडिओ दुरुस्तीचं शिकतंय का?”

काचेखाली तांबूस उजेड थरथरला आणि पेटीतून एक लांब सपाट सूर निघाला.

“काय म्हणती?” आत्याबाईंनी विचारलं.

“मधला सूर आहे. झकास आहे तुझी साखर.”

“मला तिचा घसा बसल्यावानी वाटतोय.”

“आजी, ती साखर आहे. कीर्तनकार नाही.”

“तू गप. रोज मी ऐकते, तू आठवड्यातनं एकदा येतोस.”

हेमंत हसला आणि पट्टा सोडू लागला. मी नेहमीप्रमाणे आत्याबाईंच्या पोटाला सकाळचं इन्शुलिन दिलं, त्यांच्यापुढे ताटात भाकरी आणि वांग्याची भाजी ठेवली, वर दुसरं ताट झाकलं आणि दुकान उघडायला खाली गेले. तो रविवार होता. मसूरहून एका नवरीचा चुडा भरायला मंडळी येणार होती.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. पण त्या दिवसाचं मला सगळं आठवतं, ताटावरचं ताटसुद्धा.

आम्ही कऱ्हाडचे कासार. खाली दुकान, वर घर. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, आसपासच्या गावांतल्या बायका बांगड्यांसाठी इतकं मानायच्या की लेकीचा चुडा त्यांच्याच हातून भरायचा म्हणून लग्नाची तारीख मागेपुढे करायच्या. त्यांचा हात इतका मऊ की घट्ट माप चढवलं तरी पोरींच्या डोळ्यांत पाणी येत नसे. प्रत्येक बांगडी चढवण्याआधी त्या नखाने तिला टिचकी मारत आणि कानाशी धरत. आवाज खणखणीत आला तर बरी. मुका आला तर आत कुठेतरी तडा. मग बोटाचं टोक काचेवरून फिरवत आणि केसाएवढा तडा शोधून बांगडी बाजूला टाकत.

साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे गेले. तरी त्या दुकानात बसतच राहिल्या. बोटांवर सगळं चालत होतं. पण मग डॉक्टरांनी सांगितलं, रोज बोट टोचून साखर बघा. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते काम अंगावर घेतलं, कारण माझ्याच्याने ते होत नव्हतं. पोटात सुई घालायला मला काही वाटायचं नाही, पण त्या बोटांना टोचताना हात मागे यायचा. आत्याबाई रोज कुरकुरत.

“पोटाला टोचा, मांडीला टोचा. पोट काय बघत न्हाई. बोटं बघत्यात माझी. टोचून टोचून घट्टा पडला, की झालं, दुसऱ्यांदा आंधळी मी.”

त्यांना सुईची भीती तशी लहानपणापासूनची. त्यांच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूला गोंदलेली तुळस होती, ठिपक्याठिपक्यांची, हिरवट काळी. डाव्या हातावर काहीच नव्हतं. एक हात झाल्यावर त्या गोंदणारणीला ढकलून जी धावत सुटल्या, ती थेट उसाच्या रानात. “जोडीदारीण न्हाई माझ्या तुळशीला,” असं त्या सांगत आणि हसत.

माझा मुलगा हेमंत पुण्यात एका संस्थेत संशोधन करत होता. आजीचं ते बोटांचं तो दर सुट्टीत ऐकायचा. एका सुट्टीत आला तो पेटी घेऊनच.

“तुझ्या बोटाला आता सुई लागू देणार नाही,” त्याने आजीला सांगितलं.

“मग साखर कळणार कशी? वासावरनं?”

“तू बांगडीला टिचकी मारतेस आणि ती आतून कशी आहे ते ऐकतेस. मी उजेडाची टिचकी मारतो. उजेड कातडीतून आत जातो. आतली साखर तो थोडा पिते, त्याने कणभर तापते, तापली की फुगते. फुगताना बारीक आवाज होतो. आपल्याला ऐकू येत नाही, पण पेटीला येतो.”

“आणि मला?”

“तुझ्यासाठी तिला गळा लावलाय. साखर कमी तर खालचा सूर, जास्त तर वरचा.”

आत्याबाईंनी पेटीवर हात फिरवला. “म्हंजे माझी साखर वाजती म्हण की.”

त्या दिवसापासून गल्लीत प्रत्येकाला त्या सांगत सुटल्या, माझ्या नातवाने माझी साखर वाजवली.

पहिले काही महिने दोन्ही चाललं. पेटीचा आकडा आणि बोटातल्या रक्ताचा आकडा, ह्यांनी शेजारीशेजारी मांडायचे आणि हेमंतला फोनवर सांगायचे. आकडे जवळ जवळ येत गेले. हेमंतचा आवाज फोनवर मोठा होत गेला. आणि आता त्या रविवारनंतरच्या सोमवारी, पुण्यात मोठी माणसं ते यंत्र बघायला येणार होती. त्यांना पसंत पडलं तर काम पुढे जाणार होतं. नाही पडलं तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात आणि त्याची संस्थेतली जागाही. शनिवारी संध्याकाळी आल्यापासून तो पेटीशी बोलत असल्यासारखा फिरत होता. हे घरी नव्हते. माल आणायला उत्तरेत गेले होते.

मसूरची मंडळी दहापर्यंत येतो म्हणाली होती. जीप वाटेत बंद पडली. ऊन चांगलं वर आल्यावर एकदाची गाडी दारात थांबली. नवरी, तिची आई, एक म्हातारी आजी, आणि नवरीची मावसबहीण, शहरातली, केस मोकळे सोडलेली. मी वर जाऊन आत्याबाईंना हाताला धरून खाली आणलं.

“जेवलात ना?” मी जिन्यात विचारलं.

“चुडा भरल्याबिगर मी कधी जेवले व्हय?”

“अहो, इन्शुलिन घेतलंय तुम्ही.”

“दोन घास खाल्ले गं बाई. चल, नवरी ताटकळली.”

त्या खाटल्यावर बसल्या, नवरीचा हात डाव्या हातात घेतला, साबणाच्या पाण्यात बुडवला आणि बोटं एकत्र आणून पंजा हळूहळू चेपू लागल्या. हात त्यांच्या मुठीत पाण्यासारखा सैल झाला. मी एकेक हिरवी बांगडी त्यांच्या उजव्या हातात देत होते. टिचकी, कान, आणि मनगटात. टिचकी, कान, मनगटात.

“तुझ्या आईचा हात पण असाच हुता,” आत्याबाई नवरीला म्हणाल्या. “अंगठ्याचं हाड जरा आडमुठं.”

“तोंड पण तसंच आहे, आत्या,” नवरीची आई म्हणाली.

“ते तुझा जावई बघंल.”

सगळ्या हसल्या. तेवढ्यात एक बांगडी चढता चढता कट्कन गेली.

“अगंबाई, फुटली,” मावसबहीण म्हणाली.

म्हाताऱ्या आजीने तिच्या मांडीवर चापट मारली. “फुटली म्हणू नये. चुड्याला बसलीयस. वाढली म्हण.”

“वाढली कशी? दोन तुकडे झालेत की.”

“एकाची दोन झाली न्हवं? मग वाढलीच,” आत्याबाई म्हणाल्या. “पोरी, कासाराच्या घरात काय फुटत न्हाई आन् काय संपत न्हाई. बांगडी वाढती, कुंकू वाढतं, तेल वाढतं. आमचा हेमंत ल्हान असताना इचारायचा, आजी, सगळंच वाढतंय तर मग बाबा माल कशाला आणतात?”

पुन्हा हसणं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांच्या ओठावर घाम होता. दुकानात पंखा होता, आणि दिवस मार्गशीर्षातले.

“दमलात का?” मी विचारलं.

“दमायला काय नांगर धरला व्हय?”

चुडा पुरा झाला. नवरी वाकली. आता नवरीच्या हातावर साखर ठेवायची, ही आत्याबाईंची रीत. त्यांच्या कमरेला एक बटवा असे. त्यात खडीसाखर. पोटात कालवायला लागलं, हात कापायला लागले, तर तोंडात टाकायला म्हणून डॉक्टरांनी ठेवायला सांगितलेली. पण नवरीचं तोंड गोड करायला त्यांना दुकानातली साखर चालत नसे. बटव्यातलीच हवी. नवरीला दिली, तिच्या आईला दिली, म्हातारीला दिली. मावसबहिणीला देताना बटवा उलटा करून झटकला.

“तुलाबी घे. आता शिकलीस न्हवं बोलायला?”

मंडळी जेवायला नवरीच्या मामाकडे जायची होती. निरोप घ्यायला वेळ गेला. बायका दारात चपला घालतानाच खऱ्या बोलतात. म्हातारी माझा हात धरून सांगत होती की नवरा मुलगा बँकेत आहे, पण चहा पीत नाही, हे बरं की वाईट. तोवर आत्याबाई भिंतीला धरून जिना चढून वर गेल्या होत्या. मी बघितलं आणि मला वाटलं, जेवायला गेल्या असतील.

मग वरून तो आवाज आला. पेटीचा. इतका वरचा सूर मी त्या पेटीतून कधी ऐकला नव्हता. कुणी पितळेच्या भांड्यावर खिळा ओढावा तसा.

“आई,” हेमंतने जिन्यातून हाक मारली. “वर ये. आजीची साखर वाढलीय. इन्शुलिन काढ.”

मी मंडळींना तसंच सोडून वर गेले. आत्याबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढरा, केस कपाळाला चिकटलेले. उजव्या मनगटावर पट्टा. हेमंत पेटीपुढे गुडघ्यांवर बसला होता.

“डावा हात साबणाने बुळबुळीत आहे. काच घसरायला लागली, म्हणून उजव्याला लावली. बघ, दोनदा घेतलं. दोन्ही वेळा एवढं वर. आणि ती स्वतः सांगतेय.”

“काय सांगतायत?”

“आल्या आल्या म्हणाली, हेमंता, साखर वाढली रं माझी.”

आत्याबाईंनी मान हलवली. “वाढली… समदी वाढली,” त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती.

गेलं वर्षभर आमच्या घरात हे वाक्य रोजचं झालं होतं. डॉक्टर म्हणायचे साखर वाढली, हे म्हणायचे साखर वाढली, मी फोनवर नणंदेला सांगायचे साखर वाढली. मलाही त्यात वेगळं काही ऐकू आलं नाही. मी माठाच्या कोनाड्यात ठेवलेली बाटली काढली, सुई भरली आणि आत्याबाईंच्या पोटावरचं लुगडं बाजूला केलं.

पोट घामाने ओलंचिंब होतं. गार.

“हेमंत, घाम बघ किती आलाय.”

“ऊन आहे, दमलीय. आई, वेळ घालवू नकोस. एवढ्या साखरेत माणूस बेशुद्ध पडतं.”

“डॉक्टर म्हणाले होते, घाम कमी साखरेत येतो.”

“आई, मी दोनदा मोजलंय.” त्याने पेटीवर बोट ठेवलं. “माझं यंत्र सांगतंय आणि आजी सांगतेय. आणखी कुणी सांगायला हवं?”

“एकदा बोट बघ ना. फक्त एकदा. बाबा बघतात तसं.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला कुणा परक्यासमोर खोटारडा म्हटलं असावं. बोट टोचायचं म्हणजे पेटी खोटी. उद्या ती पेटी घेऊन त्याला उभं राहायचं होतं. पण तो उठला. जाताना म्हणाला, “पट्ट्या आहेत भरपूर, आजीच म्हणाली होती,” आणि ह्यांच्या टेबलाचा खण ओढला.

बोट टोचून रक्ताचा थेंब ज्या पट्टीवर घ्यायचा, त्या पट्ट्यांची एक छोटी डबी असायची. तेव्हा त्या कऱ्हाडात मिळत नसत, हेमंत पुण्याहून आणायचा. त्याने डबी उघडली. उलटी केली. तळहातावर काहीच पडलं नाही.

“रिकामी आहे,” तो म्हणाला. “पण आजी तर गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, पट्ट्या वाढल्या रं.”

तो शब्द त्याच्या तोंडातून निघाला आणि तो तिथेच थांबला. डबी हातात तशीच उलटी.

सुई माझ्या हातात होती. आत्याबाईंचा हात चाचपडत माझ्या हातापर्यंत आला. त्यांनी माझ्या बोटांत काहीतरी कोंबलं. बटवा होता. तोंड उघडं, आत नुसता साखरेचा भुगा.

“शके,” त्या माझं नाव घेऊन पुटपुटल्या. “वाढली गं… पोरीला दिली…”

मी सुई खाली ठेवली. ठेवली म्हणजे कुठे ठेवली, मला आठवत नाही. नंतर ती स्वयंपाकघरात पोळपाटावर सापडली. मी साखरेचा डबा घेऊन आले तेव्हा हेमंत तांब्यातून पाणी ओतत होता आणि निम्मं जमिनीवर सांडत होतं. आम्ही दोघांनी मिळून ते पाणी आत्याबाईंना पाजलं. पहिला घोट ओठांतून बाहेर आला. मी साखर बोटाने त्यांच्या गालाच्या आत लावली. पुन्हा लावली. हेमंत त्यांची मान धरून बसला होता आणि “आजी, गिळ, आजी, गिळ” एवढंच म्हणत होता, लहानपणी त्या त्याला औषध पाजताना म्हणत, अगदी त्या चालीत.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. खालून नवरीच्या आईने हाक मारली, “येतो हो,” आणि मी “या हो पुन्हा” म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखा आला याचं मला अजून नवल वाटतं.

मग आत्याबाईंनी जीभ ओठांवरून फिरवली.

“गोड मिट्ट केलंय,” त्या म्हणाल्या. “कुणी केलंय हे?”

हेमंत भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

डॉक्टर पाटणकर गल्लीच्या टोकालाच राहायचे. ते आपलं यंत्र घेऊन आले, बोट टोचलं, आकडा बघितला. एवढी साखर पाजूनही तो खालीच होता. त्यांनी पोळपाटावरची भरलेली सुई पाहिली, हातात घेतली, मोरीत रिकामी केली.

“ही दिली असती, तर मला बोलवायची गरज नव्हती,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते ऐकवलं नाही.

आत्याबाईंना भात भरवून निजवलं. झाकलेलं ताट मी उघडून पाहिलं. भाकरीचा एक तुकडा मोडलेला होता, बाकी सगळं तसंच. त्यांचे दोन घास.

दिवेलागणीला हेमंत पेटी घेऊन त्यांच्या खाटेशी बसला. डावा हात पुसून कोरडा केला, काच लावली. मधला सूर. उजव्याला लावली. तो खिळ्याचा आवाज. डावा. उजवा. झोपेत आत्याबाई कुशीवर वळल्या. मग त्याने पट्टा सोडला आणि उजव्या मनगटावरची तुळस दिव्याखाली धरली.

“गोंदणात भरलेलं काजळ आहे हे,” तो मला म्हणाला. “काजळ सगळा उजेड गिळतं, आई. साखरेपेक्षा कितीतरी जास्त. पेटीने जो आवाज ऐकला तो साखरेचा नव्हता. ह्या तुळशीचा होता.”

“तुला माहीत नव्हतं?”

“काजळ उजेड गिळतं हे माहीत होतं. आजीच्या हातावर तुळस आहे हेही माहीत होतं.” त्याने पट्टा गुंडाळला. “दोन्ही एकदम माहीत नव्हतं.”

सकाळी आत्याबाई नेहमीच्या वेळी उठून बसल्या. हेमंतची बॅग दाराशी भरलेली होती. पेटी बॅगेत नव्हती. तो पुण्याला जाऊन त्या लोकांना झालं ते सांगणार होता, पेटीशिवाय.

“हेमंता,” आत्याबाईंनी हाक मारली. “हितं बस.”

तो खाली बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग चेहऱ्यावरून फिरवला, कपाळ, नाक, गाल. बांगडी तपासताना फिरवत तशी बोटं.

“झोपला न्हाईस.”

“आजी, एक विचारू? पट्ट्या नाहीत हे तुला माहीत होतं. शनिवारी मी आलो, तर मला विचारलं का नाहीस, आणल्यास का म्हणून?”

“तू बॅग उघडलीस तवा ऐकलं की मी. डबी वाजली न्हाई.”

“मग?”

“मला वाटलं, तू ऐकून सोडलंस. तुझी पेटी आलीया, आता पट्टी कशाला, असं वाटलं आसंल तुला. पुन्यांदा म्हटलं असतं, तर म्हणाला असतास, आजीला माझ्या पेटीचा भरोसा न्हाई.”

“होता तुला भरोसा?”

आत्याबाईंचा हात कमरेच्या बटव्याकडे गेला.

“मधी काय दिस सूर जरा उगाच वर लागायचा,” त्या म्हणाल्या. “अंगात तसं वाटायचं न्हाई. मी बटव्यात जास्तीची खडीसाखर घालाय लागले, एवढंच.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“तू किती आनंदात हुतास फोनवर.”

हेमंतने मान खाली घातली. मी चुलीपाशी उभी होते, दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही. आठवडाभर ही दोन माणसं एकमेकांना जपत होती. एकाने ऐकलं, भरपूर आहे. दुसरीने ऐकलं, नको आहे. मध्ये एकच शब्द होता, आमच्या घरातला, शुभ.

“हेमंता,” आत्याबाई म्हणाल्या, आणि जरा ताठ बसल्या. “पट्ट्या संपल्या.”

मी वळून पाहिलं. लग्न होऊन मी त्या घरात आले त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून काही संपलं असं मी ऐकलं नव्हतं. मामंजी गेले तेव्हाही त्यांनी बांगड्या वाढवल्याच होत्या. पहिल्या वर्षी मी एकदा तेल संपलं म्हणाले, तर दिवसभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

“संपल्या,” त्यांनी पुन्हा सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. “एकबी न्हाई. येताना आण.”

“आणतो, आजी.”

“आन् आल्यावर तूच टोच. तुझ्या बापाचा हात लई जड हाय.”

पुढच्या रविवारी तो आला. पट्ट्यांच्या डब्या खणखण वाजवत बॅगेतून काढल्या, त्यांना ऐकू जाव्यात म्हणून. आत्याबाईंनी उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. हेमंतने सुई दोनदा टेकवली आणि दोनदा मागे घेतली. “घाबरू नगं,” त्या म्हणाल्या. “बोटच हाय.”

पुढचं वर्षभर ती बोटं रोज टोचली गेली. वर्ष उलटल्यावर चैत्रात एका गिऱ्हाइणीच्या हातात त्यांनी तपासून चढवलेली बांगडी दुकानाच्या पायरीवरच तडकली. जुना तडा होता, त्यांच्या बोटाला लागला नव्हता. “वाढली,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. दुसऱ्या दिवसापासून दुकानात उतरल्या नाहीत. वर खिडकीशी बसून खालच्या बांगड्यांचा आवाज ऐकत असत. आणखी दोन वर्षं होत्या.

हेमंत अजून त्याच कामात आहे, आता बंगळुरात. मी विचारते, “यंत्र कुठवर आलं?” तो म्हणतो, “चाललंय, आई.” पत्र्याची पेटी माळ्यावर आहे, लुगड्याच्या झाकणासकट. ती काढून टाकायला त्याने मला कधी सांगितलं नाही आणि मीही काढली नाही.

मला स्वतःला साखरेचा आजार लागून आता बरीच वर्षं झाली. बोट माझं मीच टोचते. माझं बोट काही बघत नाही, त्यामुळे त्याचं फार वाटत नाही. धाकट्या मुलाचं लग्न होऊन सून घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, “आई, आपल्याकडे तांदूळ वाढतात, तेल वाढतं, गॅसचा सिलिंडरसुद्धा वाढतो. मग ह्या पट्ट्याच तेवढ्या संपतात, असं का हो?”

मी तिला म्हटलं, “त्या आमच्या आत्याबाईंनी संपवल्या. तू तसंच म्हणत जा.”